इन्हिबिटर (धातूचं गंजणं रोखणारं रसायन) टेस्टिंग करताय? या चुका टाळा

दरवर्षी एमएस्सी प्रोजेक्टची पोरं येतात, माइल्ड स्टीलचे कुपन (छोट्या पट्ट्या) इन्हिबिटर घातलेल्या १ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये टांगतात आणि दुसऱ्या दिवशी "सर, ९५ टक्के एफिशिअन्सी आली" (म्हणजे झीज तेवढी कमी झाली) म्हणत हजर! चुका दरवर्षी त्याच, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

माझा सगळ्यात जास्त राग शिफ बेसवर. आल्डिहाईड आणि अमीन इथेनॉलमध्ये उकळलं की झाला, म्हणून सगळ्यांना तोच हवा. अरे पण इमाइन (म्हणजे हाच शिफ बेस) अ‍ॅसिडमध्ये पाण्याने तुटतं हे बीएस्सीलाच शिकवलेलं असतं ना? आमच्याकडे एकाने व्हॅनिलिन-अ‍ॅनिलिनचा बनवला, रचना तपासणारे आयआर, एनएमआर सगळं चोख, मग ६० अंशाच्या बाथमध्ये सहा तास. संध्याकाळी मी झाकण उचललं तर आइस्क्रीमच्या दुकानात शिरल्यासारखा वास! व्हॅनिलिन सुटं झालेलं, आणि हा पठ्ठ्या तिकडे अख्ख्या रेणूचे होमो-लुमो (इलेक्ट्रॉनच्या ऑर्बिटलचं गणित) काढत बसलेला. मग नुसतं व्हॅनिलिन, नुसतं अ‍ॅनिलिन आणि दोन्ही एकत्र असे तीन बीकर लावायला लावले, तर एकत्रवाल्याचा आकडा शिफ बेसच्या आकड्याला जवळजवळ चिकटलाच. रडवेला झाला बिचारा. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे, कंपाउंड आधी कुपनशिवाय नुसत्या अ‍ॅसिडमध्ये २४ तास ठेवायचं आणि आधीचा-नंतरचा यूव्ही स्पेक्ट्रम एकावर एक ठेवून मला दाखवायचा, मगच कुपन घासायला घ्यायचे.

ब्लँकचंही (इन्हिबिटर नसलेल्या बीकरचंही) तेच. कंपाउंड विरघळत नाही म्हणून इथेनॉल ओतता ना, मग ब्लँकमध्येही तेवढंच ओता. ९० मिली अ‍ॅसिडमध्ये १० मिली इथेनॉल गेलं की १ मोलरचं ०.९ झालं, त्याचं श्रेय इन्हिबिटरला कशाला?

कुपन तांब्याच्या तारेने टांगू नका, नायलॉनचा दोरा घ्या.

बाहेर काढलं की धुवा, अ‍ॅसिटोन, ड्रायर, डेसिकेटर, आणि वजन त्याच दिवशी. पावसाळ्यात तर ओलं कुपन तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत तांबूस पडतं.

आणि ते लँगम्युअर, म्हणजे इन्हिबिटर धातूवर कसा चिकटतो त्याचा आलेख. थीटा (पृष्ठभागाचा झाकलेला हिस्सा) सगळीकडे ०.९ च्या आसपास असेल तर सी (कॉन्सन्ट्रेशन) बाय थीटा विरुद्ध सी ची रेघ सरळच येणार, त्यात आर स्क्वेअर ०.९९९ आला म्हणून पेढे वाटू नका. कमी कॉन्सन्ट्रेशनचे पॉइंट घ्यायला कंटाळा येतो हे खरं कारण. डेल्टा जी (चिकटण्याची मुक्त ऊर्जा) च्या सूत्रातला ५५.५ (पाण्याचं कॉन्सन्ट्रेशन) पण कॉन्सन्ट्रेशन मोलरमध्ये असेल तरच, ग्रॅम पर लिटर असेल तर १०००.