जुनी फोर बाय फोर घेताय? आधी गाडीखाली झोपा

मे महिना संपत आला की मला फोन सुरू होतात. "थार बघून ठेवलीये, साडेसात सांगतोय, येतोस का जरा?" जातो मी. जुनी सतरंजी, टॉर्च, लहान हातोडी आणि जाड पेचकस एवढं सामान घेऊन. सतरंजी बघून विकणाऱ्याचा चेहरा पडला तर निम्मं काम तिथेच झालं.

लोक जिपडी उभ्या उभ्या बघतात. बॉनेट उघडतात, इंजिनाकडे पाहून "हं" म्हणतात, टायरला लाथ मारतात आणि भाव करायला बसतात. यूट्यूबवरचे सल्लेही बहुतेक इंजिनावरच अडकलेले. अहो, इंजिन हा यातला सोपा भाग आहे. बिघडलं तर नाना पेठेत सामान मिळतं आणि ते बसवणारे मिस्त्रीही पुण्यात कमी नाहीत. ऑफ-रोड गाडीची किंमत खाली ठरते, जिथे विकणाऱ्याने नुकताच काळा रंग मारलेला असतो.

कागद घरूनच बघा: आरसी, कर्जाचा बोजा, थकलेली चलनं. १५ वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवली आहे का तेही बघा, कारण एप्रिल २०२२ पासून चारचाकीची ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. पर्यावरण कर वेगळा. म्हणजे २०१० ची थार "कागद एकदम क्लिअर" म्हणून कोणी दाखवत असेल तर नूतनीकरण झालंय का, हा पहिला प्रश्न.

जागेवर गेल्यावर चॅसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. जुन्या जीपमध्ये हे फार होतं. महिंद्राच्या एमएम ५४० जीपमध्ये मूळ प्यूजोचं डिझेल इंजिन होतं. आज बॉनेट उघडलं की भलतंच काहीतरी बसवलेलं निघतं आणि आरसीवर त्याची नोंद नसते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांबद्दलच आहे. "आरटीओचं मी बघतो, साहेब" असं ऐकू आलं की निघा. आणि गाडी खरोखर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणारी, आहे ना, हेही बघा. हसू नका. जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागची चाकं फिरणारीही मिळते, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा दांडा आहे का, एवढंच बघायचं.

इंजिन सकाळी थंड असतानाच सुरू करून घ्या. तुम्ही पोचेपर्यंत "जरा गरम करून ठेवलीय" असेल तर दुसऱ्या दिवशी परत या.

आता सतरंजी अंथरा.

माझी पहिली जिप्सी मी याच ठिकाणी चुकून घेतली. कोथरूडमधली, एमएच १२, एकाच मालकाची, आतून लखलखीत. खाली वाकून बघितलं तर सगळीकडे छान काळंभोर कोटिंग. मला वाटलं, केवढी निगा राखलीये! चार महिन्यांनी मागचे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बदलायला टाकली, तेव्हा मिस्त्रीने पाटा जिथे अडकवतात त्या शॅकलजवळ चॅसीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, पेचकस टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. आत बोट घालून त्याने जे बाहेर काढलं ते खारीसारखे पापुद्रे होते, तांबूस, एकावर एक. त्यात शिंपल्याचा नखाएवढा तुकडा होता. गाडी पुण्याची, पण दर लांबलचक वीकेंडला ताम्हिणी उतरून किनाऱ्यावर, आणि तिथे वाळूत, लाटांच्या कडेने. खारं पाणी चॅसीच्या पोकळ भागात शिरतं, वाळू आणि चिखल ते धरून ठेवतात, आणि लोखंड आतून बाहेर कुजत येतं. वरून धुतलेलं तिथे पोचतच नाही. वेल्डिंगवाल्याने सांगितलेला आकडा मी घरी बरेच दिवस सांगितला नव्हता.

तेव्हापासून माझा नियम: खाली ताजा काळा रंग दिसला की तो गुन्हा कबूल केल्यासारखा धरायचा. प्रामाणिक गाडीच्या पोटाला वाळलेला चिखल असतो, तेलाचा ओशटपणा असतो, वरवर थोडा गंज असतो. बोटाने पुसला की पिवळसर पूड येते आणि खाली लोखंड घट्ट लागतं, तेवढा गंज चालतो. पापुद्रे सुटत असतील तर चालत नाही.

हातोडी जोरात मारायची नाही. माठ घेताना बोटाने वाजवून बघतो ना, तसं. चॅसीवर वीतभर अंतराने टकटक करत पुढून मागे जा. चांगलं लोखंड "टण्ण" बोलतं. कुजलेलं किंवा आत चिखल भरलेलं बद्द आवाज देतं. बद्द आवाजाच्या जागी पेचकस दाबा. मालक ओरडेल. ओरडू दे, चांगल्या चॅसीला पेचकसाने काही होत नाही, हे त्यालाही माहीत असतं. सगळ्यात जास्त वेळ घालवायचा तो मागच्या चाकांच्या मागे, पाट्यांच्या बैठकीपाशी, डिझेलच्या टाकीच्या वर आणि आडव्या पट्ट्या जिथे जोडल्यात तिथे. चॅसीला पाणी निथळायला भोकं असतात. त्यात करंगळी घाला आणि काय येतं ते बघा. आपल्याकडची काळी-करडी माती आली तर ठीक. बारीक रेती आली तर चहा घ्या, आभार माना आणि निघा.

नंतरचं वेल्डिंग ओळखता आलं पाहिजे. कंपनीचा टाका सरळ आणि एकसारखा असतो, गॅरेजचा गुठळ्या-गुठळ्यांचा. वरून पट्टी मारलेली असेल तर कारण विचारूच नका, उत्तर "मजबुतीसाठी" असंच येणार. स्टिअरिंग बॉक्स चॅसीला जिथे बसतो तिथे टॉर्च तिरपा धरून केसासारखी चीर शोधा, विशेषतः मोठे टायर घातलेल्या गाडीत, कारण त्या टायरांचा सगळा झटका तिथे येतो. शेवटी, चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळी धरा. सेंटिमीटरभराहून जास्त फरक आला तर गाडी कधीतरी कुठेतरी जोरात आपटलीये.

इथे गाडी नापास झाली तर पुढचं काही करू नका. किंमत निम्मी केली तरी नाही. चॅसी बरी करून घेईन म्हणणारे मला खूप भेटलेत. घेऊन वर खूश झालेला एकही नाही.

पास झाली तर दोन्ही डिफरन्शियलच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या गिअरच्या गोळ्यांच्या) हाउसिंगचा तेल भरायचा बोल्ट उघडायला सांगा आणि आत बोट बुडवा. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. गरम झालेलं हाउसिंग ओढ्यात उतरलं की एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं तोंड, तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. नुसतं तेल बदलून भागतंय की बेअरिंगही गेलीत, हे चालवताना गुणगुण ऐकून कळतं.

फोर बाय फोर लावून बघायचं ते मातीत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काँक्रीटवर गाडी गोल फिरवून "बघा, लागलं" दाखवतात, त्यात चाकं उड्या मारतात आणि ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर, विनाकारण ताण येतो. टेकडीच्या पायथ्याशी कच्चा रस्ता शोधा. त्या दुसऱ्या दांड्याने हाय (नेहमीचा वेग) लावून थोडं चाला, मग थांबून न्यूट्रलमध्ये लो (कमी वेग, जास्त ताकद) लावा. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर दांडा आपोआप बाहेर येत असेल तर ट्रान्स्फर केस उघडावी लागणार. पुढच्या चाकांना फोर बाय फोरशी जोडणारे हब हाताने फिरवायचे असतील तर ते फिरतात का बघा. कित्येकांचे वर्षानुवर्षं जाम असतात.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पाचही टायर एकाच मापाचे हवेत, स्टेपनीसकट.

आता भाव. लाइट बार, विंच, स्नॉर्केल, लोखंडी बंपर यांचे शून्य रुपये. "वर दोन लाखांचं काम केलंय" हा त्याचा छंद होता, त्याचे पैसे त्याने भोगले. लोखंडी बंपर तर डिसेंबर २०१७ च्या केंद्राच्या आदेशानंतर उतरवावाच लागेल. तेवढ्याच वर्षांच्या, काही न बदललेल्या फोर बाय फोर गाड्या किती सांगतात ते बघा आणि त्यातून कामाचा खर्च दीडपट करून वजा करा. दीडपट का, तर गॅरेजमध्ये उघडल्यावर आणखी काहीतरी निघतंच. समजा तशा गाड्या पावणेसात लाखांच्या आसपास आहेत आणि टायर, क्रॉस, बुश (खालचे झिजणारे सांधे) मिळून ७०,००० चं काम दिसतंय. त्याचे झाले १,०५,०००. म्हणजे ५,७०,००० च्या वर जायचं नाही, मग समोरचा साडेसात म्हणो की सात. हा आकडा घरून निघताना नव्हे, सतरंजी गुंडाळताना ठरवा आणि कागदावर लिहून खिशात ठेवा. "आणखी एक पार्टी येतेय" ऐकल्यावर माणूस विरघळतो.

जमलं तर टोकन थोडंच द्या, पावती घ्या, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर समोर सह्या करून घ्या. विमा तुमच्या नावावर करायचा अर्ज नाव बदलल्यापासून १४ दिवसांत द्यावा लागतो. पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो, तुम्हाला मिळत नाही. तेवढा फरक भरावा लागेल, तोही त्या ५,७०,००० मधूनच काढा.