फाउंड्री विकायची तर आधी हे शब्द समजून घ्या

शिरोली एमआयडीसीतले एक काका ताळेबंद घेऊन माझ्या ऑफिसात आले. मुलगा पुण्यात आयटीत रमलेला, म्हणून फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, विकायची. "सत्तर लाख एबिटडा आहे. पाचपट धरा, साडेतीन कोटी."

एबिटडा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा व्हायच्या आधीचा नफा. करपूर्व नफा 38 लाख, व्याज 14, घसारा 18. बेरीज 70. काकांचं गणित बरोबर होतं. पण ते स्वतः पगार घेत नव्हते आणि शेड काकूंच्या नावावर, भाडं शून्य. नवा मालक मॅनेजर ठेवणार, त्याचे 12 लाख गेले. भाड्याचे 6 गेले. जुनी मशीन विकून आलेले 5 लाख काही दरवर्षी येत नाहीत, तेही काढा. उलट घरच्या गाडीचा 3 लाखांचा खर्च धंद्यात टाकलेला, तो परत मिळवा. उरले 50. ह्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. माझं निम्मं काम इथंच असतं. लोक मात्र पाचपट की सहापट यावरच भांडत बसतात.

विक्री खरी आहे का, हे मी लाइट बिलावरून बघतो. इंडक्शन भट्टीत एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला साधारण 600 युनिट लागतात. युनिट आणि टनांचा मेळ बसत नसेल, तर किंमत काढायचं तिथंच थांबवा.

50 गुणिले 5, अडीच कोटी. ही एंटरप्राइज व्हॅल्यू, म्हणजे अख्ख्या धंद्याची किंमत. त्यातून टर्म लोन 60 लाख आणि सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट) 50 लाख वजा करा, एफडीचे 10 लाख मिळवा. दीड कोटी. ही इक्विटी व्हॅल्यू, मालकाच्या वाट्याची. त्यावरचा कर वेगळा. काकांचा चहा गार झाला.

पाचपट हा आकडा तुमच्याएवढ्याच फाउंड्र्या कितीला गेल्या त्यावरून धरा, शेअर बाजारातल्या कंपन्यांवरून नाही. सत्तर टक्के माल एकाच गिऱ्हाइकाला जात असेल तर तोही खाली आणा.

किंमत काढायची दुसरी पद्धत डीसीएफ, म्हणजे पुढं येणारी रोकड आजच्या भावात मोजणं. 18 टक्के दरानं तीन वर्षांनंतरचे 10 लाख आज 6.09 लाख. पाच वर्षांपुढचं सगळं टर्मिनल व्हॅल्यूत कोंबतात आणि वाढीचा दर एक टक्का हलवला की उत्तर बदलतं. लहान धंद्याला मी ते फक्त पडताळ्यापुरतं करतो.

राहिलं वर्किंग कॅपिटल: माल अधिक येणी, वजा देणी. येणी बाकीची यादी महिन्यांप्रमाणे लावून मागा. काकांच्या यादीत 22 लाख सहा महिन्यांवरचे निघाले, त्यातले 9 एका बंद पडलेल्या पंपवाल्याकडचे. मी पेन्सिलीनं रेघ मारली.

"अहो, पाडव्याला देतो म्हणालाय तो."

कुठल्या पाडव्याला, ते मी विचारलं नाही.