आधी छातीचा भाता, मग बाणांचा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीच्या लायसन्सचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात आणि धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबर महिनाभर चालतो. मधे पाच महिने मिळतात. या पाच महिन्यांत माणसं नवा बो, म्हणजे धनुष्य, घेतात, बाणाच्या पात्यांवर रात्र रात्र वाद घालतात, नकाशावर खुणा करतात, आणि चालायला सुरुवात करतात ऑगस्टच्या मध्यावर. पहिल्या वर्षी मीही त्यातलाच होतो. त्या वर्षी बो उत्तम होता, नकाशाही बरोबर होता, फक्त मांड्या माझ्या नव्हत्या. तेव्हापासून अर्ज भरला की त्याच आठवड्यात तयारीची यादी काढतो. (भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंदच आहे. इथे ती लायसन्स, ठरलेला हंगाम आणि ठरलेला भाग या चौकटीत चालते. पुढचं सगळं त्या चौकटीतलं.)

यादीत सगळ्यात आधी एक गणित मांडायचं. पूर्ण वाढलेला नर एल्क तीनशे किलोच्या पुढे जातो. हाडं डोंगरातच सोडली तरी ऐंशी ते शंभर किलो मांस उरतं आणि खाण्याजोगं मांस तिथे टाकून येणं हा गुन्हा आहे. एकटा माणूस एका खेपेला तीसेक किलो उचलणार. म्हणजे ओझ्याच्या तीन खेपा आणि मधल्या दोन रिकाम्या. गाडी पाच किलोमीटरवर असेल तर झालं पंचवीस किलोमीटर चालणं, त्यातलं पंधरा ओझ्यासकट. तंबू आणि झोपायचं सामान आणायची खेप यात धरलेली नाही. सप्टेंबरच्या दुपारी ऊन चांगलंच असतं, मांस सावलीत आणि वाऱ्यावर पटकन गार करावं लागतं, त्यामुळे 'आज दमलो, उद्या बघू' ही सोय नाही. बाण लागला की शिकार संपते आणि हमाली सुरू होते. त्या हमालीसाठी शरीर तयार करायचं, एवढंच या यादीचं काम.

दुसरं, डॉक्टर. हे लोकांना आवडत नाही म्हणून वर घेतलं. चाळिशी उलटली असेल, घरात कुणाला हृदयविकार असेल किंवा गेली काही वर्षं खुर्चीतच गेली असतील, तर रक्तदाब आणि हृदयाची तपासणी व्यायामाला हात घालण्याआधी करून घ्यायची. जुना गुडघा, जुनी कंबर, जुना खांदा, जे काही आहे ते याच भेटीत सांगून टाकायचं. जिथे फोन लागत नाही आणि गाडी चार तासांवर आहे, तिथे या तक्रारींची ओळख नव्याने होऊ नये.

एप्रिल आणि मे नुसतं चालण्याचे. आठवड्यातून चार दिवस पाऊण ते एक तास आणि सुट्टीच्या दिवशी एकदा लांब, तीन-चार तास. वेग असा ठेवायचा, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी करायचा. हे इतकं हळू वाटतं की लाज वाटते, आणि म्हणूनच बहुतेक जण ते करत नाहीत. पण दिवसभर चालून संध्याकाळी थोडं शिल्लक राहणारा दम याच कंटाळवाण्या चालण्यातून येतो. मराठीत लोहाराचा तोही भाता आणि बाण ठेवायचा तोही भाता. माझ्या अनुभवात दुसरा भरायला एक संध्याकाळ पुरते, पहिल्याला दोन महिने लागतात. पळायची सवय असेल तर पळा, पण पळणारा माणूस ओझं घेऊन चालायला तयार असतोच असं नाही. मी पहिल्या वर्षी रोज पाच किलोमीटर पळत होतो.

मे संपता संपता पाठीवर सॅक. सुरुवात दहा किलोने आणि दर आठवड्याला फार तर दोन-तीन किलोची भर. ओझं घेऊन चालणं आठवड्यातून दोनदाच, रोज नाही. स्नायू लवकर तयार होतात, पण सांधे आणि कंडरा मागून येतात. त्यांची वाट पाहिली नाही, तर जुलैमध्ये टाच नाहीतर गुडघा धरून बसावं लागतं. वजन पाठीला घट्ट लागून, खांद्याच्या पात्यांच्या मधोमध हवं आणि भार कंबरेच्या पट्ट्यावर. खांद्यावरचे पट्टे फक्त सॅक मागे झुकू नये म्हणून. सुरुवातीच्या आठवड्यांत वजनासाठी पाण्याचे कॅन भरायचे आणि चढ संपला की पाणी ओतून द्यायचं, म्हणजे उतरताना गुडघ्यांवर मार बसत नाही. जुलैपासून मात्र पाणी ओतायचं नाही, ओझ्यासकट उतरायचं. खरी शिकवणी तिथे सुरू होते.

मोजमापासाठी एक चांगली कसोटी आयती मिळते. अमेरिकेत जंगलातली आग विझवणाऱ्यांना ४५ पौंड, म्हणजे साधारण वीस किलो, पाठीवर घेऊन सपाटीवर तीन मैल ४५ मिनिटांत चालून दाखवावं लागतं. पळायची परवानगी नाही. जूनअखेर ही कसोटी धापा न टाकता पार झाली, तर वेळापत्रक ठीक चाललंय. पन्नास मिनिटं लागली तरी घाबरायचं कारण नाही. सॅक पंधरा मिनिटांत जमिनीवर ठेवावी लागली, तर मात्र सप्टेंबरचा बेत गाडीच्या जवळचा आखावा.

उतारावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण तिथेच माझी जिरली होती. तो एल्क माझा नव्हता, सोबत्याचा होता. पहिली खेप, मागचा एक पाय पाठीवर, आणि ओढ्याकडे जाणारी दगडगोट्यांची घळ. चढताना छाती फुटते हे सगळ्यांना माहीत असतं. उतरताना काय होतं, ते विसाव्या मिनिटाला कळलं. पाऊल टाकलं की मांडी आपोआप थरथरायची, शिवणयंत्राच्या सुईसारखी. उभा राहिलो तरी थांबेना. शेवटचा टप्पा बुडावर घसरत उतरलो. सोबती वर बघून काही बोलला नाही, त्यानेच जास्त लागलं. कारण साधं आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून वजन थोपवत असतो. तो प्रकार सपाटीवरच्या पळण्यात बराच कमी असतो, आणि सवय नसलेल्या स्नायूला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका सगळ्यात जास्त लागतो. यावर उपाय घरातली पायरी. वीतभर उंच पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय पुढे हवेत. आता मनात तीन आकडे मोजत खाली जायचं, आणि हवेतल्या पायाची टाच जमिनीला अशी टेकवायची की खाली अंडं ठेवलंय. टेकली की परत वर. गुडघा आत वळला तर ती बैठक मोजायची नाही. प्रत्येक पायाला दहा, अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. पुढे हेच सॅक लावून. दिसायला पोरखेळ आहे, पण मला जिममधल्या कुठल्याही यंत्रापेक्षा याचा जास्त उपयोग झाला. आणि दोन काठ्या घ्या. पहिल्या वर्षी मला त्या म्हाताऱ्यांच्या वाटायच्या.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोन दिवस पुरे. डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून उभं राहणं), एक पाय मागे बाकावर ठेवून बैठका, वजन स्वतःकडे ओढायचे प्रकार, दोन्ही हातांत जड काहीतरी धरून चालणं. याखेरीज एक गोष्ट जिममध्ये कुणी शिकवत नाही, ती म्हणजे भरलेली सॅक घेऊन जमिनीवरून उठणं. सॅकला टेकून बसायचं, पट्टे चढवायचे, कुशीवर वळून गुडघ्यांवर यायचं, मग एक पाय पुढे रोवून उभं राहायचं. तीस किलो घेऊन हे दमलेल्या अवस्थेत करताना कंबर धरते, म्हणून जुलैपासून प्रत्येक सरावाच्या शेवटी पाचदा.

आता खांदा आणि बो. कंपाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेला, ओढताना पूर्ण वजन (दोरी ओढायला लागणारा जोर) मधल्या टप्प्यावर लागतं, मग ते उतरतं. साठ पौंडांचा बो ८० टक्के उतरणारा असेल, तर पूर्ण ओढल्यावर हातात बारा पौंडच राहतात. कोलोरॅडोत कायद्याने किमान ३५ पौंडांचा बो लागतो, तरी सत्तरवर लावल्याशिवाय पुरुषार्थ सिद्ध होत नाही अशी एक समजूत आहे. तिची परीक्षा अशी. जमिनीवर बसा, पाय पुढे पसरा, जाकीट घाला, आणि बो लक्ष्याकडे रोखलेला ठेवून सरळ मागे ओढा. तो आभाळाकडे उचलून झटका द्यावा लागत असेल, तर वजन जास्त आहे, कमी करा. पहाटेच्या गारठ्यात तासभर न हलता बसून झालेल्या खांद्याला तो झटका सोसत नाही, आणि समोरचा एल्क तेवढी हालचाल बघून निघून जातो. मग ओढून धरायचा सराव. जनावर झाडाआड थांबलं की एक मिनिटही धरून ठेवावं लागतं. सुरुवातीला तीस सेकंद, मग वाढवत दीड मिनिट. धरून झालं की बाण न सोडता दोरी सावकाश परत आणायची. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडायची नाही, बो तुटतो आणि कधी हातही फुटतो. रबराच्या पट्ट्याने खांद्याच्या मागच्या बाजूचे हलके व्यायाम रोज पाच मिनिटं करावेत. तो खांदा गेला तर बाकी सगळी यादी व्यर्थ.

जुलैपासून शांतपणे उभं राहून बाण मारणं कमी करायचं. टेकडीवर धावत जा, नाडी कानात वाजायला लागली की लगेच एकच बाण मारा. वीस मीटरवर ज्याचे पाच बाण मुठीत मावतात, त्याचा हा बाण हातभर बाजूला जातो. पहिल्यांदा बघून मला हसू आलं, दुसऱ्यांदा नाही. शिकलो ते असं, की श्वास दाबून धरायचा नाही. दोन दीर्घ श्वास घ्यायचे, तिसरा अर्धा सोडायचा आणि त्या विरामात बाण. एवढा वेळ मिळत नसेल, तर बाण सोडायचाच नाही. दमलेल्या हाताने सोडलेला बाण जनावराला जखमी करून सोडतो, आणि मग रात्रभर रक्ताचा माग काढताना माणसाला स्वतःचं तोंड बघवत नाही. दम लागलेला असतानाही खात्रीने मारता येईल, ते अंतर तुमचं. बाकीचं अंतर सरावाच्या मैदानाचं.

पायांची नोंद थोडक्यात. बूट जूनमध्ये घ्या, ओझ्यासकट किमान शंभर किलोमीटर त्यात चाला. पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त थकवतं, म्हणून बूट गरजेपेक्षा जड नकोत. टाचेला गरम वाटलं की त्याच क्षणी थांबून पट्टी लावायची, पुढच्या वळणावर नाही. नखं आदल्या आठवड्यात कापायची.

उंचीची तयारी सखल भागात होत नाही, हे आधी मान्य करून टाकावं. एल्क सप्टेंबरात नऊ ते साडेअकरा हजार फुटांवर असतात. दहा हजार फुटांवर प्रत्येक श्वासात प्राणवायू समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपासच मिळतो. तंदुरुस्त माणसालाही उंची बाधते, उलट तो भरभर चढतो म्हणून आधी बाधते. म्हणून हंगामाच्या दोन-तीन दिवस आधी पोहोचायचं, पहिल्या रात्री आठ हजारांच्या जवळपास झोपायचं, दारू नाही, पाणी भरपूर. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा भोवळ आली तर आणखी वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं दिसली तर त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी. औषध घ्यायचं का, हे त्या एप्रिलच्या डॉक्टरभेटीतच विचारून ठेवलेलं बरं.

खाणं डोंगरात नेणार तेच जुलैच्या लांब चालण्यात खाऊन बघा. दिवसाला चार हजार कॅलरी लागतात आणि दमलेल्या पोटाला घरी आवडलेला पदार्थ नकोसा होतो. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतरचा जन्म असेल, तर शिकारशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागतं. ते अर्जाच्या आधीच मिळवायचं असतं. व्यायामाच्या यादीत ते कशाला, तर एकाचा सगळा उन्हाळा त्यापायी वाया गेलेला पाहिलाय.

शेवटची मोठी ओझ्याची चाल निघण्याच्या दहा-बारा दिवस आधी. त्यानंतर ओझं निम्मं, चालणं निम्मं, झोप दुप्पट. या काळात अंगात भलताच जोर येतो आणि आणखी एक टेकडी मारावीशी वाटते. मारू नये. आदल्या संध्याकाळी भरलेली सॅक काट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवायचा. मग जाकीट घालून, सॅक चढवून, जमिनीवर गुडघे टेकून एक बाण मारायचा आणि बो पेटीत ठेवून कुलूप लावायचं. दुसऱ्या बाणाचा मोह होतो, विशेषतः पहिला जरासा उजवीकडे गेला असेल तर.