कस्टम रिफ्रेश रेट यादीत येत नाही? या चुका टाळा

विंडोजमधली रिफ्रेश रेटची (स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते त्याची) यादी ६० हर्ट्झवर अडली की बहुतेक जण आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात. त्यात वेळ जातो, फरक क्वचितच पडतो. मॉनिटर आपल्याला काय काय झेपतं हे ईडीआयडी नावाच्या छोट्याशा माहितीसंचातून कळवतो. त्यातलं जे ड्रायव्हरला मान्य, तेच विंडोज दाखवतं. म्हणजे नवा आकडा मॉनिटर आणि ड्रायव्हर या दोघांच्या गळी उतरवायचा आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसते हर्ट्झ बघणं. खरी अडचण असते पिक्सेल क्लॉकची, म्हणजे सेकंदाला किती पिक्सेल पाठवायचे त्या वेगाची. १०८०पीमध्ये दिसणारे पिक्सेल १९२०×१०८०, पण नेहमीच्या टायमिंगमध्ये न दिसणारा भाग धरून ते २२००×११२५ होतात. याला ६० ने गुणलं की १४८.५ मेगाहर्ट्झ, ७५ ने गुणलं की साधारण १८५.६. सिंगल-लिंक डीव्हीआय या जुन्या प्रकारच्या मॉनिटर-जोडणीची मर्यादा १६५. त्यामुळे मध्ये साधा डीव्हीआय अडॅप्टर असेल तर ७५ यादीतच येत नाही, किंवा निवडल्यावर स्क्रीन काळी होते. टायमिंग बदलून ‘सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँक’ (न दिसणारा भाग कमी ठेवणारं) केलं तर ७० हर्ट्झ सुमारे १६२.५ मध्ये बसतो. ७५ तरीही बसत नाही. तिथे अडॅप्टर बदलणं हाच शहाणपणा. एचडीएमआय १.४ ची हद्द ३४० आणि २.० ची ६०० मेगाहर्ट्झ आहे, तेव्हा केबलसोबत मॉनिटरवरचं पोर्ट कुठल्या आवृत्तीचं आहे तेही बघा.

केबल मदरबोर्डच्या पोर्टात आणि सेटिंग्ज ग्राफिक्स कार्डाच्या, हा घोळ तर नेहमीचाच. बऱ्याच लॅपटॉपमध्ये आतला डिस्प्ले इंटेलच्या चिपवर चालतो. मग एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये कितीही शोधा, डिस्प्लेचे पर्याय सापडणार नाहीत. इंटेलच्याच सॉफ्टवेअरमध्ये जावं लागतं.

एनव्हिडियाच्या ‘चेंज रिझोल्यूशन’मध्ये यादीचे दोन भाग असतात: वर टीव्हीसाठीचे, खाली ‘पीसी’. वरचं १९२०×१०८० निवडून ‘मोठा रेट नाही’ म्हणणारे पुष्कळ. खाली सरका, पीसीखालचं १९२०×१०८० निवडा आणि मग रेट बघा. कस्टम मोड ज्या रिझोल्यूशनसाठी बनवलात तेच चालू असेल, तरच विंडोजच्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये त्याचा रेट दिसतो.

सीआरयू (कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी, ईडीआयडीतली माहिती बदलणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर ‘ओके’ दाबून भागत नाही. सोबतची ‘रीस्टार्ट६४’ फाइल चालवा किंवा संगणक रीस्टार्ट करा. ‘रिसेट-ऑल’ कुठे ठेवली आहे तेही आधीच बघून ठेवा. स्क्रीन काळी पडल्यावर सेफ मोडमध्ये तीच सोडवते.

थेट ६० वरून १०० वर उडी मारू नका, पाच-पाचने चढा. आणि आकडा दिसला म्हणून खूश होऊ नका. काही मॉनिटर ७५ घेतात, पण मधल्या फ्रेम गाळतात. फ्रेम स्किपिंगची (एकामागून एक चौकोन उजळवणारी) चाचणी लावून कॅमेऱ्याचं शटर साधारण दशांश सेकंद उघडं ठेवा आणि फोटो काढा. उजळलेले चौकोन सलग आले तर रेट खरा. मध्येच एखादा चौकोन काळा राहिला, तर पाच हर्ट्झ खाली उतरा आणि पुन्हा फोटो काढा.