ठासणीची बंदूक उतरवण्याआधी

नागपूरकडच्या जुन्या मालगुजारी वाड्यात ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक भिंतीवर दिसली, तर आधी ती भरलेली नाही ना, हे बघा. घोड्याला हात लावू नका. नळीचं तोंड माणसांपासून दूर करून, स्वतः बाजूला उभं राहून लाकडी काठी हळूच आत सोडा, तोंडाशी खूण करा. मग काठी बाहेरून नळीला लावून मापा. टोक घोड्याजवळच्या छिद्राच्या बरंच अलीकडे थांबलं, तर आत बार, म्हणजे भरून ठेवलेली दारू-गोळी, असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली की कित्येक दशकांनीही पेटते. खरवडू नका, परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याला बोलवा. चालण्याजोगी निघाली तर परवाना हवाच. शस्त्र अधिनियम, १९५९ आजोबांची आठवण वगैरे मानत नाही.