घरच्या मैदानावर सामना आहे? यादीत माईक लिहा

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचं यजमानपद आमच्या कॉलेजकडे होतं आणि प्रेक्षक सांभाळायचं काम माझ्याकडे. फलक लावले, शपथ दिली, वीस स्वयंसेवकांना टोप्या वाटल्या. माईक कोणाच्या हातात जाणार हे मात्र कोणी विचारलं नाही. मीही नाही. ऐन वेळी गॅदरिंग गाजवणारा एक मुलगा पुढे आला. आवाज खणखणीत होता, म्हटलं घे. पाहुण्या संघाचा मुख्य चढाईपटू उंचीने कमी. त्याच्या दुसऱ्याच चढाईला हा माईकवरून म्हणाला, "आला बघा छोटा रिचार्ज!" हशा पिकला. तिसऱ्या चढाईला सगळं स्टँड "रिचार्ज संपला, रिचार्ज संपला" करत होतं. त्या कल्लोळात पंचांना त्याचा दम, म्हणजे सलग "कबड्डी, कबड्डी" म्हणणं, ऐकू येईना. दम तुटला म्हणून त्यांनी त्याला बाद दिलं. तो छातीवर हात ठेवून सांगत होता, "म्हणत होतो सर, म्हणत होतो." तेवढ्यात मॅटवर पाण्याची बाटली येऊन पडली आणि सामना थांबला. पुढे आम्ही जिंकलो. त्या विजयाचा विषय आमच्याकडे अजून कोणी काढत नाही.

म्हणून प्रेक्षक सांभाळण्याच्या कामांची ही यादी. क्रमाने लिहितोय, पण माईक मध्येमध्ये येत राहील.

दोन आठवडे आधी पाहुण्या कॉलेजशी बोला. त्यांचे किती समर्थक येणार ते विचारा आणि सगळ्यांना एकत्र जागा द्या, शक्यतो त्यांच्या खेळाडूंच्या बाकामागे. तिथे आपली पोरं बसली तर चाळीस मिनिटं त्या राखीव खेळाडूंच्या कानाशी काय चालेल ते सांगायला नको. चेंजिंग रूमकडे जाणारी वाट प्रेक्षकांमधून नको. सामना सुरू असताना कोणाला बाहेर काढायचं झालं तर तो निर्णय कोणाचा, हे क्रीडाशिक्षकांकडून आधी वदवून घ्या, नाहीतर त्या क्षणी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. फलक लावायचे तर लावा. फलक वाचून कोणी शिवी गिळल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

त्यापेक्षा घोषणा देणारी पाच-सहा पोरं शोधा. ती सगळ्यांना माहीत असतात. त्यांना बोलावून भाषण देऊ नका, काम द्या: आपल्या संघासाठी नव्या घोषणा बांधा. नुसतं "हे ओरडू नका" म्हटलं की तेच ओरडावंसं वाटतं. मग मर्यादा मात्र गुळमुळीत न ठेवता स्पष्ट सांगा. जात, धर्म, रंग, शरीर, आई-बहीण यांवर एक शब्द नाही. मुलींच्या सामन्यात कपड्यांवर, दिसण्यावर शेरे नाहीत आणि झूम करून चित्रीकरण नाही. इथे "गंमत केली" हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही, पहिल्याच वेळी बाहेर. त्यांना क्रिकेटच्या दोन सामन्यांची आठवणही द्या. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, विश्वचषकाची उपांत्य फेरी. भारत ८ बाद १२० असताना प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये जाळपोळ झाली आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. आणि जानेवारी १९९९, चेन्नई. भारत पाकिस्तानकडून फक्त १२ धावांनी हरला आणि तिथल्या प्रेक्षकांनी उभं राहून पाकिस्तानी संघाला टाळ्या दिल्या. पोरांना दुसरी गोष्ट जास्त आवडते, असा माझा अनुभव आहे.

आता माईक. गॅदरिंगमध्ये हसवणारा मुलगा नको. शांत, खेळ कळणारा आणि निकालाने फारसा हलून न जाणारा माणूस हवा. मुलगी असो, मुलगा असो, शिपाई असोत. नाव आठवडाभर आधी ठरवा. पाहुण्या कर्णधाराकडून प्रत्येक खेळाडूचं नाव नीट विचारून घ्या आणि जसं तो उच्चारेल तसं लिहून ठेवा. नाव चुकीचं घेतलं की अर्धी चेष्टा तिथेच झाली. गुण कोणाचाही असो, आवाजाची पट्टी तीच. चढाई चालू असताना माईक गप्प, म्हणजे ते तीस सेकंद पूर्ण गप्प, कारण पंचांना दम ऐकायचा असतो. गाणी लावणाऱ्यालाही हाच नियम. ध्वनियंत्रणेवाल्याचा वेगळा माईक असतो हे मला सामन्यानंतर कळलं. तोही मोजा.

माईकचं दुसरं काम मला फार उशिरा उमगलं. निम्मा गोंधळ पंचांनी काय दिलं ते न कळल्यामुळे होतो. बोनसचंच घ्या. चढाईपटूचा पाय बोनस रेषेपलीकडे पडलेला सगळ्यांना दिसतो, पण त्या वेळी दुसरा पाय हवेत होता का, समोर किमान सहा बचावपटू होते का, हे स्टँडवरून कोण बघतंय? गुण मिळत नाही आणि "पंच विकला गेला" सुरू होतं. निवेदकाने पंचांकडून आलेला निर्णय तेवढ्याच शब्दांत सांगायचा: "बोनस नाही, समोर पाच खेळाडू." स्वतःचं मत नाही, "बघा बुवा" नाही, उसासा तर अजिबात नाही. गुणफलकही लगेच बदलला पाहिजे. मागे पडलेला फलक म्हणजे संशयाला आमंत्रण.

गोंधळ झालाच तर काय बोलायचं, ती तीन वाक्यं कागदावर लिहून द्या. एक शांत राहण्यासाठी, एक सामना थांबल्याचं कारण सांगणारं, एक जखमी खेळाडूसाठी. तेव्हा सुचत नाही. आमच्या मुलाला बाटली पडल्यावर सुचलं ते "अरे कोण आहे तो, दम असेल तर समोर ये."

दारावर बाटल्या, लेझर आणि शिट्ट्या काढून घ्या. शिट्टीवर वाद घालतील, देऊ नका. स्टँडमधली शिट्टी आणि पंचांची शिट्टी खेळाडूच्या कानाला सारखीच. पकड अर्धवट सोडून तो उभा राहतो आणि गुण जातो. बाटली काढून घेतलीत तर आत पिण्याचं पाणी ठेवा, ही साधी गोष्टही राहून जाते.

आपल्या प्रशिक्षकांशी बोलणं अवघड जातं, पण बोला. ते पंचांवर हात उडवायला लागले की पाठीमागचे तीनशे जण उठतात. कबड्डीत कार्डं आहेत: हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. कार्ड प्रशिक्षकांनाही मिळतं, हे जाता जाता आठवण करून द्या.

आपल्या कर्णधाराशी एक खूण ठरवून ठेवा. २०१९च्या विश्वचषकात ओव्हलवर भारतीय प्रेक्षक ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथची हुर्यो उडवत होते, तेव्हा फलंदाजी करणाऱ्या कोहलीने त्यांच्याकडे वळून टाळ्या वाजवायची खूण केली. घरच्या खेळाडूचं प्रेक्षक ऐकतात, फलकाचं आणि प्राचार्यांचं तेवढं नाही. माईक हातचा गेला तरी हा एक उपाय उरतो. माईक हातचा जाऊ देऊ नका, हा भाग वेगळा.

स्वयंसेवक भिंतीला टेकून उभे नकोत, गर्दीत बसलेले हवेत, आणि ज्या वर्गात बसलेत त्याच वर्गातले. पेटलेल्या पोराला चारचौघांत दटावलं की तो चौघांसाठी आणखी पेटतो. ओळखीच्या मुलाने खांद्यावर हात ठेवून "चल, पाच मिनिटं बाहेर जाऊन येऊ" म्हणायचं. सुरक्षारक्षक सगळ्यात शेवटी.

सामन्याच्या दिवशी लवकर पोचा. माईक तपासा, आवाज आणि माणूस दोन्ही. पाहुण्या संघाला दारापर्यंत घ्यायला कोणीतरी हवं. मध्यंतर पाच मिनिटांचं असतं, त्यात नाचगाणी घुसवू नका. प्रथमोपचार, रुग्णवाहिकेचा नंबर, हे कळतंच. दारं बाहेरून कुलूपबंद नकोत, कितीही गर्दी होवो.

संपल्यावर हस्तांदोलन, मग पाहुण्यांची बस आधी निघू द्या, आपली मिरवणूक नंतर. रात्री ग्रुपवर चिडवणारी क्लिप आली तर ज्याने टाकली त्यालाच फोन करा, ग्रुपवर वाद नको.

आणि माईक बंद करा. टेबलावर ठेवून नाही, बटण दाबून. आमचा चालूच राहिला होता आणि बस गेटबाहेर पडेपर्यंत कोणीतरी त्यात "रिचार्ज" म्हणत होतं.