सोलर बॅटरी होम असिस्टंटला कशी जोडायची आणि दिसणारे आकडे खरे आहेत का ते कसं बघायचं

आमच्याकडे ५ किलोवॉटचा हायब्रिड इन्व्हर्टर आहे आणि त्याला ५१.२ व्होल्ट १०० एएचच्या दोन लिथियम फेरो फॉस्फेट बॅटऱ्या, म्हणजे प्रत्येकी ५.१२ युनिट. सुरुवातीला इन्व्हर्टरबरोबर आलेल्या अ‍ॅपवरच भागवत होतो. पण त्यात आकडा दर पाच मिनिटांनी बदलतो, तोही आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन परत आपल्या फोनवर येतो, आणि लाईट गेली की बऱ्याचदा इंटरनेटही जातं, म्हणजे बॅटरी नेमकी जेव्हा कामाला लागते तेव्हाच आपल्याला काही दिसत नाही. म्हणून सगळं घरातल्या घरात होम असिस्टंटवर आणलं, म्हणजे घरातल्या उपकरणांचे आकडे एका जागी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. आठवड्याभरात कळलं की बॅटरी रात्री ग्रिडवरून भरत होती, कारण बसवताना "ग्रिड चार्ज"ची टिक चालूच राहिली होती. सकाळी ऊन यायच्या आधीच बॅटरी फुल, मग सगळं सोलर बाहेर ग्रिडला. अ‍ॅपमध्ये हे कित्येक महिने समोर होतं, पण आलेख नीट नसल्यामुळे लक्षात आलं नाही.

कामाला लागायच्या आधी एक गोष्ट. आपण फक्त डेटाच्या वायरला हात लावायचा. इन्व्हर्टरचं कव्हर उघडायचं नाही, बॅटरीचे टर्मिनल सैल करायचे नाहीत. ५१ व्होल्ट ऐकायला कमी वाटतात पण शॉर्ट झालं तर शेकडो अँपिअर वाहतात, आणि पॅनलकडून येणाऱ्या डीसी वायरमध्ये मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत व्होल्टेज असतंच. शंका आली तर वायरमनला किंवा ज्यांनी सिस्टीम बसवली त्यांना बोलवा, वॉरंटीचंही त्यांनाच विचारून घ्या.

सामान फार लागत नाही. होम असिस्टंट फुकट आहे, ओपन सोर्स आहे, रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर किंवा जुन्या लॅपटॉपवर छान चालतं. फक्त मेमरी कार्डवर ठेवू नका, ते दिवसभर डेटाबेसमध्ये लिहीत असतं आणि कार्ड लवकर खराब होतं, छोटी एसएसडी घ्या. इन्स्टॉल झालं की ब्राउझरमध्ये होमअसिस्टंट डॉट लोकल आणि पोर्ट ८१२३ टाकलं की उघडतं. आणि हे आत्ताच करून टाका: राउटर आणि हा छोटा कॉम्प्युटर, दोन्ही इन्व्हर्टरच्या बॅकअप लाईनवर घ्या. बऱ्याच घरांत राउटर साध्या लाईनवर राहतो आणि लाईट गेली की सगळी नोंद तिथेच थांबते.

आता जोडणी. इन्व्हर्टरच्या खाली बघाल तर एकसारखी दिसणारी दोन-तीन पोर्ट असतात, सगळी लॅन केबलसारखी. त्यातलं एक बॅटरीच्या बीएमएसशी, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या आतल्या सर्किटशी बोलायला असतं, बहुतेक वेळा कॅन नावाच्या डेटा जोडणीवर. त्याला हात लावू नका. ती केबल निघाली तर इन्व्हर्टरला बॅटरीची टक्केवारी कळत नाही, मग तो एरर देतो नाहीतर नुसत्या व्होल्टेजवर अंदाज बांधतो, आणि या प्रकारच्या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात इतकं सपाट असतं की तो अंदाज भरवशाचा नसतो. राउटरची केबलही यातल्या कुठल्याच पोर्टात घालायची नाही, खाच सारखी असली तरी आतल्या पिना वेगळ्या कामाच्या असतात.

आपल्यापुढे रस्ते दोन. पहिला सोपा: इन्व्हर्टरला लागलेली वायफायची काडी, म्हणजे लॉगर. डेये आणि तशाच बऱ्याच इन्व्हर्टरना सोलरमनचा लॉगर येतो आणि तो क्लाउडशी बोलत असतानाच घरातल्या नेटवर्कवरही पोर्ट ८८९९ वर उत्तरं देतो. राउटरमध्ये जाऊन लॉगरचा आयपी कायमचा बांधून टाका, नाहीतर राउटर रीस्टार्ट झाला की पत्ता बदलतो आणि तुम्ही अर्धा दिवस शोधत बसता. काडी सहसा फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडते, इन्व्हर्टर जिन्यात किंवा पार्किंगमध्ये असेल तर सिग्नल आधी मोबाईलवर बघा. मग होम असिस्टंटमध्ये हॅक्स (लोकांनी बनवलेल्या जोडण्यांचं स्टोअर) टाका, हॅक्समधून सोलरमन इंटिग्रेशन, म्हणजे त्या लॉगरची जोडणी घ्या, आयपी द्या, काही व्हर्जनमध्ये काडीवर छापलेला सिरीयल नंबरही लागतो (इन्व्हर्टरचा नाही, काडीचा, इथे खूप जण चुकतात), आणि मॉडेल निवडा. दर काही सेकंदांनी विचारत बसू नका, काडी अडकते. मी ३० सेकंद ठेवलंय, घरासाठी भरपूर झालं.

दुसरा रस्ता म्हणजे वायर. इन्व्हर्टरच्या आरएस-४८५ पोर्टातून ए आणि बी अशा दोन तारा यूएसबी कन्व्हर्टरवर आणायच्या. कुठली पिन कुठली, ते मॅन्युअलमधल्या तक्त्यात बघूनच करा, दुसऱ्याच्या फोटोवरून नको. वेग बहुतेक ९६००, आयडी १. काहीच उत्तर येत नसेल तर आधी ए आणि बीची अदलाबदल करून बघा, त्याने काही जळत नाही आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. इथे तुम्ही मॉडबस या भाषेत इन्व्हर्टरची रजिस्टर, म्हणजे आकडे ठेवलेले नंबरवार कप्पे, थेट वाचता: सिंगल फेज डेये हायब्रिडमध्ये बॅटरीची टक्केवारी १८४ वर, बॅटरीची पॉवर १९० वर, आजवर एकूण किती युनिट भरले ते ७२ पासून आणि किती काढले ते ७४ पासून. थ्री फेजच्या लो व्होल्टेज मॉडेलमध्ये नकाशाच वेगळा, टक्केवारी ५८८ वर, त्यामुळे आपल्या मॉडेलचा नकाशा हातात घेऊनच बसा. आणि फक्त वाचायचं, लिहायचं नाही. चार्जिंग करंटचं रजिस्टर चुकून बदललं तर बॅटरीशी खेळ होतो.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती जागा. वॉट म्हणजे आत्ता या क्षणी किती वेगाने वीज वाहतेय ते, आणि युनिट म्हणजे एकूण किती वाहिली ते. बिलावर युनिट असतात, होम असिस्टंटच्या एनर्जी डॅशबोर्डलाही (विजेचा हिशोब दाखवणारं पान) युनिटच लागतात, वॉटवाला सेन्सर तो युनिटच्या यादीत दाखवतच नाही, आणि मग लोक म्हणतात माझा सेन्सर सापडत नाही. बॅटरीसाठी त्याला दोन वेगळे आकडे हवेत, आत किती गेली आणि बाहेर किती आली, आणि दोन्ही फक्त वाढत जाणारे. इन्व्हर्टर एकूणचे आकडे देत असेल (वरचे ७२ आणि ७४) तर तेच वापरा, प्रश्न मिटला. "आज"चे आकडेही चालतात, पण ते मध्यरात्री शून्य होतात ते इन्व्हर्टरच्या घड्याळाप्रमाणे, म्हणून ते घड्याळ आधी बरोबर लावा.

तुमच्याकडे बॅटरीचा नुसता वॉटचा एकच सेन्सर असेल, कधी अधिक कधी उणे, तर थोडं काम आहे. त्याचे टेम्प्लेटने (होम असिस्टंटमधलं छोटं सूत्र) दोन सेन्सर करा, एकात फक्त अधिक बाजू, दुसऱ्यात फक्त उणे बाजू उलटी करून, बाकी वेळ शून्य. मग सेटिंगमधल्या हेल्परमधून प्रत्येकाला इंटिग्रल सेन्सर लावा, तो वॉटची बेरीज करत युनिट काढतो, पद्धत "लेफ्ट", प्रीफिक्स किलो, वेळ तास. अधिक म्हणजे भरणं की रिकामं होणं हे गृहीत धरू नका, डेयेमध्ये अधिक म्हणजे बॅटरीतून बाहेर. माझं सुरुवातीला उलटंच लागलं होतं आणि आलेखात बॅटरी भर दुपारी रिकामी होताना दिसायची. डॅशबोर्ड भरल्यावर लगेच काही दिसलं नाही तर घाबरू नका, तो तासाच्या हिशोबाने चालतो, पहिला आकडा यायला दोनेक तास जातात.

आणि मग ताळा. हा भाग सोडू नका, मला तर सगळ्यात महत्त्वाचा हाच वाटतो. घराचा वापर होम असिस्टंट मोजत नाही, वजाबाकी करून काढतो: सोलर अधिक ग्रिडवरून घेतलेली अधिक बॅटरीतून काढलेली, त्यातून ग्रिडला दिलेली आणि बॅटरीत भरलेली वजा. म्हणजे एक आकडा जरी चुकला तरी खापर घराच्या वापरावर फुटतं. समजा १८.४ + २.१ + ६.० वजा ८.४ वजा ६.९, आलं ११.२ युनिट. इन्व्हर्टर म्हणतोय घराला ९.८ दिले. मधले १.४ कुठे गेले? इन्व्हर्टर स्वतः ५०-६० वॉट खात असेल तर दिवसाला सव्वा ते दीड युनिट तिथेच जातात, म्हणजे हिशोब बरोबर आहे. पण फरक पाच युनिटचा असेल किंवा घराचा वापर उणे दिसत असेल तर काहीतरी उलटं लागलंय, बहुतेक वेळा मेन लाईनवरची सीटी क्लॅम्प, म्हणजे वायरभोवती अडकवलेला करंट मोजणारा चिमटा. रात्री गिझर लावून बघा, दोन हजार वॉट बॅटरीतून किंवा ग्रिडमधून वाढलेच पाहिजेत, ग्रिडला "देतोय" असं वाढलं तर क्लॅम्पचा बाण फिरवून घ्या. शिवाय महावितरणच्या नेट मीटरवरचे इम्पोर्ट आणि एक्सपोर्टचे आकडे एक तारखेला आणि आठ तारखेला लिहून ठेवा, आठवड्याचा फरक आपल्याशी जुळवा. थोडा इकडेतिकडे होणारच, बिल मीटरवरूनच होतं.

डॅशबोर्डमध्ये युनिटचा दर टाकायची जागा आहे, मी ती रिकामी ठेवली. आपल्याकडे १०० युनिटपर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, त्यात नेट मीटरिंगमध्ये युनिटातून युनिट वजा होतात, त्यामुळे एकच दर टाकला की येणारे रुपये फसवे असतात.

हे सगळं जुळलं की मग मजा येते. ग्रिडचं व्होल्टेज शून्य झालं की फोनवर "लाईट गेली, बॅटरी ७२ टक्के" असा मेसेज, २० टक्क्यांच्या खाली गेली की दुसरा. बॅटरी ९० च्या वर आणि ऊन चांगलं असेल तर गिझरचं स्मार्ट स्विच चालू, पण त्यासाठी १६ अँपिअरचंच स्विच घ्या, साधं नको. बाहेरून बघायचं असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडू नका, टेलस्केल हे व्हीपीएन अ‍ॅप वापरा. आणि दर आठवड्याचा बॅकअप आपोआप दुसरीकडे जाईल असं लावून ठेवा, माझा एकदा सगळा पावसाळ्याचा डेटा गेलाय, आणि जून ते सप्टेंबरमध्ये बॅटरी किती दिवस पूर्ण भरलीच नाही हेच मला बघायचं होतं.